विहिरीवरची खुर्ची

माझे थोरले दीर पालिकेच्या दुरुस्ती-आवारात मुकादम होते. कचऱ्याच्या गाड्या, रोलर, टँकर, सगळं तिथे दुरुस्तीला यायचं. भावजींनी जन्मात एक नट आवळला नसेल, पण ओरडायचे असे की बंद इंजिनानेही दचकून सुरू व्हावं. देवाने जीभ नाम घ्यायला दिली असं मी मानते. भावजींची हुकूम सोडण्यातच झिजली.

आवारात एक पडीक विहीर होती. वरचे साहेब पाहणीला येणार म्हटलं की भावजींच्या अंगात यायचं. जळकं ऑइल, पार्ट धुतलेलं रॉकेल, पिंपंच्या पिंपं त्या विहिरीत ओतायला लावायचे. आवार चकाचक! पुढे वास सुटायला लागला तसा वर स्लॅब टाकला आणि त्यावर स्वतःची खुर्ची मांडली. निवृत्त होईपर्यंत तिथे बसून जगाला स्वच्छता शिकवली. ओतणारे रोजंदारीवरचे, ते कधीच पांगले. पुढच्या लोकांना तो नुसता ओटा वाटायचा. खरं ठाऊक होतं ते एकट्या जाऊबाईंना, कारण भावजींनी ही अक्कलहुशारी घरी मिटक्या मारत सांगितली होती.

आवार बंद पडलं आणि काही वर्षांनी त्याला लागूनच असलेल्या आमच्या गल्लीतल्या बोअरच्या पाण्याला रॉकेलचा वास यायला लागला. माती आणि पाणी साफ करायला एक इंजिनिअर बाई आली. तिने गल्लीला स्पष्ट सांगितलं, "घाण कुठून येते ते सापडलं तर उपसून, गाळून तुमचे बोअर पुन्हा सुरू होतील. नाही सापडलं तर सिमेंट भरून कायमचे बंद." जाऊबाईंचे गुडघे गेलेले. अंगणातला बोअर गेला तर टँकरच्या रांगेत उभं राहणं त्यांच्या नशिबी.

बाईची रीत साधी. जुन्या कामगारांनी आवारात फिरायचं आणि जिथे काही सांडलं-ओतलं असेल तिथे लाल झेंडी रोवायची. पेंटरने आपल्याच शेडपुढे रोवली. "थिनर मीच ओतायचो, मॅडम," तो खाली मान घालून म्हणाला. भावजींनी मात्र झेंड्यांचा जुडगाच उचलला आणि दुसऱ्यांच्या जागांवर रोवत सुटले. वेल्डरच्या, ड्रायव्हरच्या, वॉचमनच्या खोलीमागे, अगदी संडासापाशीसुद्धा.

"आणि तुमची जागा, मुकादम?" बाईने विचारलं.

"मी कुठला बसतोय! सतत फिरतीवर."

"खुर्चीला चाकं होती वाटतं," वेल्डर म्हणाला. सगळे हसले. भावजीही हसले, लाज असती तर हसले नसते.

झेंड्यांप्रमाणे खणलं, माती ट्रकने गेली, पण तपासणीच्या पाण्याचा वास जाईना. शेवटी बाईने हात टेकले आणि बोअर बुजवायचं ठरलं. त्या संध्याकाळी मी जाऊबाईंकडे होते.

"अहो, सांगून टाका," जाऊबाई म्हणाल्या.

"वेड लागलंय? माझी अब्रू काय राहील?"

"तुमच्या अब्रूलाच रॉकेलचा वास येतोय."

भावजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. मुकादमकी करून एवढंच जमलं त्यांना.

सकाळी जाऊबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून आवारात गेल्या आणि स्लॅबवर काठी आपटून म्हणाल्या, "मॅडम, हे फोडा. खाली विहीर आहे. आमच्या ह्यांनी भरलेली." स्लॅब फुटला तसा असा भपकारा आला की पेंटरने नाकाला रुमाल लावला. पाण्यावर काळा, जाड थर तरंगत होता. बोअर बुजवायचं थांबलं. आता पंप बसलाय, पाणी गाळून निघतंय. पण बोअर सुरू व्हायला वर्षं लागतील असं बाई म्हणते.

भावजी दुपारी उगवले. "हेच मी सांगणार होतो," म्हणाले.

"होतात ना?" जाऊबाई म्हणाल्या. "मग बोअर सुरू होईतो टँकरचं पाणी तुम्ही आणायचं. कळशी मोरीत आहे."

आणतात हल्ली. देवाने अद्दल घडवली म्हणावं, तर तेही नाही. रांगेत उभे राहून पुढच्या-मागच्यांना सांगत असतात, मी होतो म्हणून विहीर सापडली.