दहाच्या आत "ठीक"

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, "सर, गंध कब से नहीं आ रही?"

"कल से," मी म्हटलं.

"ये कल का नहीं है. पूरे हफ्ते का माल है."

बाजूला उभ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी फिल्मकडेच पाहत राहिलो. त्या तपासणीला एचआरसीटी म्हणतात, म्हणजे छातीचे पातळ काप केल्यासारखे काढलेले फोटो. माझ्या फुप्फुसांवर, काचेवर वाफ धरते तसे पांढुरके डाग होते. त्या दिवशी शनिवार होता. वास गेला होता सोमवारी.

डॉक्टरांशी खोटं बोलू नका. औषधं दिवस मोजून देतात. पण मी आधी पाच दिवस जे खोटं बोललो, ते सांगायला इतकी वर्षं लागली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा एप्रिल. मुलांची शाळा बंद, मास्तरांची सुरू. आम्ही पाच जण. दोघं घरोघरी ताप मोजायला, एक जण नाक्यावर. शाळेत उरलो मी आणि वासनिक मॅडम, मुलांच्या घरी द्यायच्या डाळ-तांदळाची पाकिटं भरायला.

शाळेच्या ग्रुपवर मी रोज सकाळी विचारायचो, "आजची तब्येत?" दहाच्या आत सगळ्यांनी लिहायचं, "ठीक". मग मी वर कळवायचो, सर्व स्टाफ स्वस्थ. एकदा घरोघरी फिरणाऱ्या पटले गुरुजींनी लिहिलं, "अंग दुखून राह्यलं." मी लगेच फोन केला. "गुरुजी, असं ग्रुपवर काहून टाकता? वरून विचारणा होते ना." त्यानंतर सगळे ठीक. नाक्यावर उन्हात उभा राहणाराही ठीक.

सोमवारी बालाघाटहून परसवाड्याच्या रस्त्यानं शाळेत निघालो. त्या दिवसांत त्या रस्त्यावर मोहफुलांचा वास अंगावर येतो. त्या दिवशी आला नाही. गाडी थांबवली, मास्क काढला, खालचं एक फूल उचलून नाकाशी धरलं. काहीच नाही. याला ॲनॉस्मिया म्हणतात, वास ओळखायची ताकद जाणं. तेव्हा ते सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

मी शाळेत गेलो आणि लिहिलं, "ठीक".

काहून? मी प्रभारी मुख्याध्यापक होतो. पद नाही, नुसता प्रभार. मी घरी बसलो की तो पुढच्या सीनियरकडे, वासनिक मॅडमकडे जाणार. त्यांचं काम माझ्याहून चोख. एकदा गेलेला प्रभार परत मिळणार नाही, एवढीच भीती होती. लिहिताना किती बारीक दिसते.

पाच दिवस आम्ही एका खोलीत पाकिटं भरली. लू, उन्हाची गरम झळ, आत येते म्हणून खिडकी मीच लावून घेतली. बुधवारी मॅडम म्हणाल्या, "सर, खोकला वाढून राह्यला तुमचा."

"धानाची धूळ आहे."

"डाळ भरून राह्यलो आपण. धान कुठून आणलं?" त्या हसल्या. मीही हसलो. खिडकी बंदच होती.

शनिवारी मी भरती झालो आणि प्रभार त्यांच्याकडे गेला. सोमवारपासून सकाळचा तो प्रश्न त्या विचारू लागल्या. बुधवारी दुपारी त्यांनाच स्ट्रेचरवर आणलं. जागा नव्हती, एकाच हॉलमध्ये बायका-पुरुष. माझ्यापासून चौथा पलंग. त्यांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बोटाला लावलेल्या यंत्रावर वर चढतच नव्हतं. ते यंत्र वाजायचं. मी भिंतीकडे तोंड केलं की जास्त मोठ्यानं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. आता प्रभार पटले गुरुजींकडे होता. "आजची तब्येत?" मी मान वळवली. मॅडमच्या तोंडावर मास्क, हाताला सलाईन. त्यांनी फोन उचलला. बराच वेळ बोट हलत होतं. मग माझ्या स्क्रीनवर उमटलं,

"ठीक".

राउंडवर आलेल्या डॉक्टरांना मी हळूच विचारलं, माझ्याकडूनच झालं का त्यांना? ते म्हणाले, "किसने किसको दिया, कोई नहीं बता सकता. आप आराम कीजिए." त्या वाक्याखाली मी पुढची काही वर्षं राहिलो. कोणी कोणाला दिला हे खरंच कळत नाही. पण सोमवार आणि शनिवार यांच्यात किती दिवस असतात, ते कळतं.

मॅडम वाचल्या. पण फुप्फुसात फायब्रोसिस राहिला. मऊ भाग सुकलेल्या स्पंजासारखा कडक झाला. त्यांना जिना चढवत नाही. मी बरा झाल्यावर प्रभार परत माझ्याकडेच आला, आणि सकाळचा प्रश्नही सुरूच राहिला. मी त्यांचा वर्ग खाली आणला, तर भर मीटिंगमध्ये त्यांनी माझे आभार मानले. त्या दिवशी डबा उघडवला नाही.

यंदा मोहफुलं पडायला लागली आणि मी त्यांच्या घरी गेलो. उभ्यानंच सगळं सांगितलं, सोमवारपासून.

"बसा तर," त्या म्हणाल्या. मग खुर्ची पुढं सरकवत, "मले माहीत होतं सर. तुम्ही झाडाखाली फूल हुंगून राह्यलते, तेव्हा मी मागून स्कूटीवर येऊन राह्यलती."

"मग खोलीत बसल्या काहून?"

"तुम्ही ग्रुपवर ठीक लिहिलं होतं ना. आपल्या शाळेत ठीक म्हटलं की पुढं विचारत नाहीत. तुम्हीच तर लावलं हे वळण."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. मले अजून राग आहे. तो राहीन. चहा घ्या."

घेतला. उष्ण होता, गोड होता. मला आता वास येतो.

तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर त्यांची तब्येत विचारण्याआधी स्वतःची सांगा. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रुपवर प्रश्न टाकलाच नाही. लिहिलं, "मला रात्री झोप लागली नाही. बीपी वाढलेलं आहे. आज उशिरा येईन." दहा वाजले. कोणी काही लिहिना. फोन हातात घेऊन मी अंगणात फेऱ्या घालत होतो.

दहा वाजून गेल्यावर मॅडमचं आलं, "दम लागून राह्यला. पहिला तास कोणी घ्या."

लगेच खाली पटले गुरुजी, "हौ मॅडम, मी घेतो."