पाय धुवायला पाणी

आमच्या मुर्रीत देव चुकवता येतो, डॉक्टर चुकवता येतो, वीजबिलवाला तर हमखास चुकवता येतो. पण माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला चुकवून जगेल असा माणूस या गावात अजून जन्माला यायचा आहे. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही म्हणतो. त्या मला ‘जवाई’ म्हणतात, पण अशा काही स्वरात की शाळेत उशिरा पोहोचल्यासारखं वाटतं. त्यांच्या आणि माझ्या घरात दोन गल्ल्यांचं अंतर आहे आणि ते फार कमी पडतं, ही माझी जुनी तक्रार. मी गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नोकरीभर लोकांना गप्प बसवण्याचं काम केलं. निवृत्तीनंतर वाट्याला आलेली शांतता बाईंनी ताब्यात घेतली.

बाईंचा विषय एकच, शुगर. गंमत म्हणजे ती त्यांना स्वतःला नाही, कधीच नव्हती. सत्तरी ओलांडली तरी त्यांचं रक्त तपासून डॉक्टर कौतुकानं मान हलवतात. शुगर होती त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि आहे मला. पथ्य मात्र बाई पाळतात. बिनसाखरेचा चहा, भात मोजून एक वाटी, दिवेलागणीला जेवण, जेवल्यावर अंगणात फेऱ्या. नुसतं पाळलं असतं तर कोणाची हरकत नव्हती. त्या ते गावाकडून पाळून घेतात. इतर लोक रस्त्यात भेटल्यावर ‘काऊन जी, बरं हाये?’ असं विचारतात. बाई विचारतात, ‘गोळी?’ उत्तर ‘घेतली’ असं आलं की लगेच पुढचं, ‘जेवनाच्या आंधी का मंग?’ आमचा किराणावाला त्यांना लांबून पाहूनच जिलेबीवर वर्तमानपत्र पांघरतो. ‘बाई येऊन राहिल्या म्हटलं,’ तो मला एकदा म्हणाला, ‘का माही शुगर आपोआपच उतरते.’

माझ्या घराला बेल आहे, पण बेल वाजवणं बाईंना लाडिकपणाचं वाटतं. उजाडायच्या सुमारास त्या फाटकाची कडी आपटतात आणि शेजारच्या दोन घरांसकट मी जागा होतो. मग धानाच्या बांध्यांच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर त्या पुढे आणि मी मागे. चालताना माणसाला बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये, असं त्यांनी कुठंसं ऐकलं आहे. म्हणून त्या मान न वळवता प्रश्न विचारत राहतात. सरळ उत्तर दिलं तर ‘हळू चालून राहिले’, आणि धाप लागून अडखळलो तर ‘रोज आले असते तं असं झालं असतं का?’ बिरसीच्या वैमानिक शाळेची शिकाऊ विमानं सकाळी आमच्या डोक्यावर घिरट्या घालतात. एकदा मी ती पाहायला थांबलो. बाई न थांबता म्हणाल्या, ‘ते पोरगं वरतं उडाले शिकून राहिलं, तुमी खालतं चालाले शिका.’

आमचा जिल्हा धानाचा. इथं जेवण म्हणजे भात. पोळी-भाजी पोटभर खाल्लेला माणूसही ‘जेवले का?’ विचारलं तर ‘अजून भात नाई खाल्ला’ म्हणून सांगतो. अशा मुलखात बाई पिशवीत स्वतःची स्टीलची वाटी घेऊन हिंडतात. अर्जुनी मोरगावला एका भाच्याचं साक्षगंध होतं. पंगतीत भाताचं पातेलं माझ्यापर्यंत आलं, तशी बाईंनी वाढप्याचा हात धरला, वाटी भरून घेतली, माझ्या पत्रावळीवर उपडी केली आणि त्याला पुढे जायला सांगितलं. यजमान दुखावले. ‘बाई, आमच्या घरी भाताले मोजमाप नसते जी,’ ते म्हणाले. ‘मालूम हाये,’ बाई म्हणाल्या, ‘म्हनूनच तुमच्या घरी तिघाइले शुगर हाये.’ मला पत्रावळीखाली शिरावंसं वाटत होतं. पण जेवणानंतर पाहतो तर नवरदेवाच्या बापासकट अर्धे पाहुणे तलावाच्या पाळीवर मुकाट्यानं फेऱ्या मारत होते, आणि बाई पाळीच्या टोकाशी उभ्या राहून कोणाला मधूनच परत फिरू देत नव्हत्या.

फक्त माझ्या बायकोनं त्यांना हातोहात फसवलं. बहिणीसमोर ती एक वाटी भात खायची, आणि त्या गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत दुसरी वाढून घ्यायची. ‘बापाच्या बांधीतला धान हाये, घरचा भात बाधत नसते,’ असं मला हसत सांगायची. दुकानातल्या तांदळात साखर आणि घरच्यात नाही, हा समज आमच्या भागात पुष्कळांचा आहे; चार बुकं वाचलेला मीही तो खोडायला कधी फार झटलो नाही. आपल्या आजाराला ती लांबच्या पाहुण्यासारखं वागवायची. आला आहे, जाईल. तो गेला नाही. आधी डोळे गेले, मग मूत्रपिंडं, आणि एका दिवाळीच्या आधी ती.

त्यानंतर मी ठरवून काही सोडलं नाही. आपोआप सुटत गेलं. गोळ्यांची आठवण तीच करायची, आता कोणी करत नव्हतं. स्वयंपाकघरात जावंसं वाटेना, म्हणून चहा आणि बिस्किटं हेच जेवण झालं. पहाटे कडी आपटली तरी मी पांघरूण ओढून पडून राहायचो. बाई बाहेरूनच बोलायच्या. ‘जवाई, एक माणूस माह्या हातून गेलं. दुसरं मी जाऊ देत नसतो.’ मला त्या दाराबाहेरच्या आवाजाचा राग यायचा. माणसाला शोकसुद्धा पोटभर करू देत नाहीत, असं वाटायचं.

आमच्याकडे पाहुणा दारात आला की त्याला पाय धुवायला पाणी देतात. आता बऱ्याच घरांत ही रीत नावापुरती उरली आहे. बाईंनी मात्र ती जोमानं चालू ठेवली आहे, आणि बाहेरगावचे लोक या मानानं हरखून जातात. खरं कारण मला माहीत होतं. तांब्यातलं पाणी ओतताना बाई तळवे पाहतात. शुगरच्या माणसाच्या पायाची जाणीव मंदावते, लागलेलं त्याला कळत नाही. ‘पाय दाखव म्हटलं तं मानूस लाजते,’ त्यांचं म्हणणं, ‘पानी देल्लं का आपनच पुढं करते.’ एका व्याह्याच्या टाचेत भेग सापडली, तेव्हा त्या गृहस्थाला चहाच्या आधी मलम मिळालं.

तान्ह्या पोळ्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. सणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून गेलो. दारात पाणी आलं. मी डावा पाय धुतला, उजवा पुढे केला, आणि पाणी थांबलं. अंगठ्याच्या खाली, तळव्याला जखम होती. कडा पांढऱ्या पडलेल्या, मधे काळं. घरामागे बायकोनं लावलेल्या वाडीतल्या वांग्यांमधून मी कित्येक दिवस अनवाणी फिरत होतो. काटा कधी गेला ते मला माहीतच नव्हतं, कारण काहीही दुखत नव्हतं. बाईंनी तांब्या ठेवला, खाली बसून पदरानं माझा पाय बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा केला आणि आपल्या मुलाला मोटारसायकल काढायला सांगितली. वाढलेली पानं तशीच राहिली.

‘दुखलं असतं तर वेळेवर आला असता,’ गोंदियाचे डॉक्टर म्हणाले. अंगठा राहील की कापावा लागेल, हे त्यांना तेव्हा सांगता येईना. मग औषधं, मलमपट्ट्या, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी ताकीद. बाईंनी माझ्या घरात दिवसभराचा मुक्काम टाकला. गोळी हातावर ठेवून गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. बिस्किटांचे पुडे शेजाऱ्यांकडे गेले, मुगाचं वरण आणि पालेभाजी आली. चालणं बंद म्हणून खुर्चीत बसूनच हात वर-खाली करायला लावायच्या. मी एका हातात पुस्तक धरलं तर म्हणायच्या, ‘ते बी वर करा.’ पट्टीखालचा पाय कसा आहे या काळजीपेक्षा कधीकधी मला बाईंचाच वैताग जास्त असे. एकदा मी आवाज चढवून म्हणालो, ‘बाई, मी काही लहान मूल नाही.’ ‘लहान असते,’ त्या म्हणाल्या, ‘तं दोन लावल्या असत्या.’

थंडी सुरू झाली तेव्हा एकदाची शेवटची पट्टी निघाली. जखम भरली होती, अंगठा शाबूत होता. रोज आरशात तळवा पाहा आणि घरातही चप्पल घाला, असं डॉक्टरांनी बजावलं. मला वाटलं, परतीच्या ऑटोत आता व्याख्यान होणार. बाई रस्ताभर बाहेर पाहत राहिल्या. घरी आल्यावर उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘चहा मांडा जी. साखर टाकून.’

‘साखर?’ मी विचारलं. ‘मले काई शुगर नाई,’ त्या म्हणाल्या. मी चहा करून आणेपर्यंत त्या अंगणाकडे पाहत होत्या. कप हातात घेऊन सावकाश बोलल्या. ‘तिले शुगर निंघाली तवा मी बी साखर सोडली होती. म्हटलं, एकटीनं कायले फिका प्यावा? मी बिनसाखरेचा पीत राहिलो, अन् ती मले लपवून गोड पीत राहिली.’ त्यांना थोडं हसू आलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

‘तुमच्या हाताले चव नाई,’ त्या म्हणाल्या. ‘ती मस्त करे.’

मी त्यांच्या शेजारी बसलो. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं, चहा निवून त्यावर साय धरली, आणि बराच वेळ बाईंनी मला उठून चालायला सांगितलं नाही.