सगळे वर गेलेलं गाव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये थांबवू नका. माझी जी फजिती झाली ना, ती घरी मी अजून अर्धीच सांगितली आहे. तुम्हाला पूर्ण सांगतो, कारण चहा तुम्ही पाजताय.

मी यवतमाळचा. ऑफिसात खुर्ची झिजवणारा माणूस. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. घेतली सायकल! वजन जागचं हललं नाही, पण नाद मात्र लागला. सुट्टी आली की आडरस्त्याची गावं बघत हिंडायचं. जुनं देऊळ, एखादी ढासळलेली गढी, पारावर बसून चार गप्पा. हॉर्न नाही, धूर नाही. आणखी काय पाहिजे हो माणसाला?

त्या थंडीत वणीला बहिणीकडे मुक्काम होता. आता तिकडचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. राजूरकडे निघालं की नुसते कोळशाचे ट्रक! पांढरा शर्ट घालून निघालेला माणूस परत आला तर बायको ओळखत नाही. म्हणून मी सकाळी असा एक रस्ता शोधून काढला, की ज्याच्यावर ट्रक नाही, ऑटो नाही, बैलबंडी नाही, माणूससुद्धा नाही. मी खूश! असा चांगला डांबरी रस्ता रिकामा कशाला असेल, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही.

नदीकडून धुकं येत होतं. आधी शेतं दिसत होती, फुटलेला कापूस दिसत होता. मग कापूस कुठला आणि धुकं कुठलं तेच कळेना. माझ्या चाकाचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. आणि रस्ता उतरत उतरत एका गावात शिरला.

काय सांगू! घरं होती, पण एकाही घराला दार नव्हतं. खिडक्या नव्हत्या, चौकटी नव्हत्या, वर छत नव्हतं. नुसत्या मातीच्या भिंती आणि त्यात काळी भोकं. एका भिंतीवर लग्नात काढलेलं गणपतीचं चित्र, खाली ‘सुस्वागतम्’. अंगणात गवत कमरेएवढं. बरं, गाव म्हटलं की सायकलमागे भुंकायला निदान एक कुत्रं पाहिजे की नाही? तेही नाही! मारुतीचं देऊळ होतं. आत डोकावलो, तर मारुती नाही. भिंतीवर शेंदराचा मारुतीएवढा डाग.

देव गेलेल्या देवळासमोर तुम्ही कधी उभे राहिलात? राहू नका.

सायकल पाराला टेकवली आणि बाटली काढून पाणी प्यायला लागलो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. अगदी सावकाश, खोल विहिरीतून आल्यासारखा.

“या मोहरील साहेब.”

पाणी नाकात गेलं! ह्या गावात मी जन्मात आलो नव्हतो. वळून बघतो तर सायकलीजवळ पारावर एक म्हातारा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरं मुंडासं, पांढऱ्या मिशा. धुक्यात नुसता चेहरा तरंगत होता म्हणा ना.

“बसा. कोणीच येत नाही आता इकडं.”

“गावातली माणसं कुठं आहेत?” मी विचारलं.

“गेले,” म्हातारा म्हणाला. “सगळे वर गेले.”

“वर?”

“वर.” त्यानं धुक्यात बोट केलं. “माही बायको पह्यले गेली. मंग पोरगा गेला, सून गेली. हे समोर घर दिसते ना, तो पांडू, तो तं घरादारासगट एका दिवसात गेला.”

“अरेरे! आणि तुम्ही?”

“मी लय दिवस अडून राह्यलोतो. म्हटलं, आपण नाही जात. पण किती दिवस? मीबी गेलो मागच्या दिवाळीले.”

हे बघा, आता तुम्ही हसताय. तुम्ही इथं चहा पिताय. तिथं, त्या मारुतीच्या डागासमोर, हे वाक्य एकट्यानं ऐका आणि मग हसा!

मी विचारलं, “तिथं... वर... कसं काय आहे?”

“सोय चांगली हाय. नळ हाय, लाईन हाय. पण मले करमत नाही. म्हणून रोज सकाळून खाली येतो. ज्याच्या त्याच्या घरापाशी उभा राह्यतो. थोडं बोलतो अन् मंग जातो.” म्हातारा उठला. “तुमीबी चाला माह्यासंगं वर. माही बायको चहा करून देईन.”

त्यानं हात पुढं केला.

सायकल त्याच्या पलीकडे होती. पंचेचाळीस हजारांची सायकल! पण जीव कितीचा? मी असा पळालो, असा पळालो, की डॉक्टरांनी बघितलं असतं तर पेढे वाटले असते. मागून हाका येत होत्या, “ओ साहेब! ओ मोहरील साहेब!” जो रस्ता समोर दिसला तो धरला. नेमका चढाचा! वर जातोय हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

चढ संपला तर समोर सिमेंटच्या घरांची ओळ. घरांना दारं होती हो! धूर होता, चहाची टपरी होती, आणि एक कुत्रं जीव तोडून माझ्यावर भुंकलं. इतकं गोड भुंकणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

टपरीवर एक म्हातारी चहा गाळत होती. दोन-तीन जण कापूस वेचायला निघायच्या आधी चहा पीत बसले होते. मी बाकड्यावर कोसळलो.

“काहून पळून राह्यले, भाऊ?” म्हातारीनं विचारलं. “कुत्रं लागलं का मांगं?”

“भूत!” मी म्हणालो. “खाली जुन्या गावात! म्हातारं! पांढऱ्या मिशा, पांढरं मुंडासं, मारुतीच्या पारावर बसलंय!”

म्हातारीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “उजव्या गालावर मस होता का?”

“होता.”

“बापा! हे तं आमचे दौलतराव!”

“तेच, तेच असतील! ते मला स्वतः म्हणाले, मी गेलो म्हणून!”

बस. त्या माउलीनं जो हंबरडा फोडला! “आता तं चांगले गेलते हो सकाळून! भाकर खाऊन गेलते! मले न सांगताच गेले हो!”

मला वाटलं, दिवाळीला गेलेल्या नवऱ्याची आठवण आली बिचारीला. मी तिचं सांत्वन करायला लागलो, “रडू नका बाई, त्यांना तिथं नळ आहे, लाईन आहे.” तिनं आणखी मोठ्यानं रडायला सुरुवात केली.

घराघरांतून माणसं धावली. कोणी म्हणालं, छातीत कळ आली असंन. कोणी म्हणालं, साप डसला असंन. कोणी पोराला फोन लावला. एक जण मला गदगदा हलवून विचारत होता, “तुमी पाह्यलं तवा मेले होते, का मेल्यावर पाह्यलं?” आता याचं उत्तर काय देणार?

आणि तेवढ्यात चढावरून, धुक्यातून, टिंग... टिंग... असा आवाज आला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. एक दिवा लुकलुकत वर येत होता. त्याच्यामागे पांढरं काहीतरी. मी तर बाकड्याखालीच शिरलो, पण खोटं कशाला बोलू, तिथं आधीच एक जण होता.

धुक्यातून माझी सायकल आली. मागून ती ढकलत दौलतराव.

“अजी!” म्हातारी किंचाळली. “तुमी जिते हाय का?”

“जिता कायचा!” दौलतराव धापा टाकत म्हणाले. “या सायकलपाई चढावर मेलो मी!”

“बघा!” मी बाकड्याखालून ओरडलो. “स्वतःच सांगताहेत!”

पुढचं काय सांगू! खाणीसाठी ते गाव उठवलं होतं. दारं, चौकटी, पत्रे, मारुती, सगळं घेऊन लोक वर नव्या गावठाणात राहायला गेले होते. दौलतराव शेवटचे हलले. आणि माझं नाव? ते माझ्याच सायकलिंगच्या टी-शर्टच्या पाठीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं!

गाव हसून हसून लोळलं. म्हातारीनं मात्र आधी डोळे पुसले, नवऱ्याच्या दंडाला दोनदा चिमटा काढून खात्री केली, आणि मग मला चहा दिला. “उद्यापासून खाली जाचं तं मले घेऊन जात जा,” ती त्यांना म्हणाली. दौलतरावांनी आपली चहाची बशी आधी तिच्यापुढं सरकवली.

परतीचा रस्ता एकच, खालच्या गावातून. मी रेंगाळायला लागलो. दौलतरावांनी ओळखलं. “चाला, वेशीपरेंत सोडून देतो.” निघताना त्यांनी माझा नंबर घेतला, पोचलो की नाही कळावं म्हणून.

पुन्हा त्या भिंती, पुन्हा ते धुकं. दौलतराव प्रत्येक काळ्या भोकाकडे बघून सांगत होते. इथं रामभाऊ, इथं शेवंताबाई, इथं आमचं. मग आवाज चढवून रिकाम्या घरांना म्हणाले, “पाहुणा भेते रे बापा. कोणी बोलू नका!”

आणि खरं सांगतो, कोणी बोललं नाही.

वेशीवर त्यांचा निरोप घेतला. मन भरून आलं होतं. दहा पावलांवर टाटा करायला वळलो. वेस होती, गवत होतं, धुकं होतं.

दौलतराव नव्हते.

वणीला बहिणीच्या दारात सायकल आडवी टाकली तेव्हाच मी श्वास घेतला. अंगाला दरदरून घाम. तेवढ्यात फोन वाजला.

“दौलतराव बोलतो. काय साहेब! चपलीत काटा रुतला म्हणून गवतात खाली बसलो, उठून पाह्यतो तं तुमी गायब! ना रस्त्यावर, ना शेतात.” मग त्यांचा आवाज जरा हळू झाला. “आता बायको मले घराबाहेर निंगू देत नाही. म्हणते, खरं सांगा, त्या माणसाचे पाय कोणी पाह्यले होते का?”