हळदीचं गाणं अर्ध्यात तोडत नाहीत

“मुलगा म्हनतोय, ती बोलतच नाय.”

मावशीचा आवाज फोनच्या स्पीकरवर होता. हात पिठात असले की आई फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा करते आणि स्पीकर लावते. माझ्या कानांवर मोठे हेडफोन होते, म्हणून तिला वाटलं मला ऐकू जाणार नाही. पण हेडफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं. मी नुसती केबल तपासत होते.

“बोलत नाय म्हंजे?” आई म्हणाली.

“म्हंजे तो विचारील तेवढ्याचंच उत्तर. साखरपुड्याला तीन महिने झाले, पन तिच्या मनात काय हाय तेच त्याला कळत नाय. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हने. अगं, नकार कळवलाय त्यांनी. मी समजावून बघितलं, पन नायच म्हनतात.”

आईने लाटणं खाली ठेवलं. मग ती हळू म्हणाली, “यांच्या कानावर घालू नको. डॉक्टर बोललेत, टेन्शन द्यायचं नाय. तिलापन मीच सांगीन नंतर. आता दोघं रेकॉर्डिंगला बसलेत.”

मी केबल गिटारमधून काढली आणि परत घातली. लॅपटॉपशेजारच्या रेकॉर्डिंगच्या डबीवरचा हिरवा दिवा लागला. तेवढ्यात पप्पा गॅलरीतून आत आले. डाव्या हाताची नखं कापायला गेले होते. वाजवायच्या आधी ते नेहमी कापतात.

“चल बाय,” ते म्हणाले. आमच्याकडे मुलीला ‘बाय’ म्हणतात. “लाव तुझं मशीन.”

मी लावलं.

रेकॉर्डिंग माझ्या हळदीसाठी होतं. पप्पा न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात नोकरीला होते, आणि लग्नसराईत हळदीच्या पार्टीत, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात, गिटार वाजवायचे. आमच्या शिरवण्यात आणि आसपासच्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात बेंजो, कीबोर्ड, ढोलक्या, आणि पप्पांच्या पार्टीत लाल रंगाची एक इलेक्ट्रिक गिटार. लहानपणी शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुझे पप्पा रॉकस्टार आहेत का? त्यांना हळदीबद्दल कसं सांगायचं ते मला कळायचं नाही, म्हणून मी नुसती मान हलवायची.

गावातल्या कितीतरी मुलींना पप्पांच्या गिटारवर हळद लागली. माझ्या हळदीला मात्र त्यांना वाजवता येणार नव्हतं. नवरीचा बाप मांडवात पाहुणे बघतो, तो स्टेजवर चढत नाही. म्हणून त्यांनी माझ्यासाठी एक चाल बांधून बाजूला ठेवली होती. ती कुणाच्याच हळदीत वाजवली नाही. रेकॉर्ड करायची आणि मला पहिली हळद लागेल तेव्हा पार्टीच्या स्पीकरवर लावायची, असं त्यांचं ठरलेलं होतं. माझं लग्न ठरायच्याही आधीपासून.

मग गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंड सरळ झालं, पाय सुधारला. डाव्या हाताची बोटं तेवढी मागे राहिली.

गिटार लॅपटॉपला जोडणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पहिल्यांदा मी केबलच्या जाड पिनेला बारीक पिन जोडून ती सरळ माइकच्या भोकात घातली. आवाज आला, पण बादलीत तोंड घालून कुणीतरी गातंय असा. शिवाय तार छेडल्यावर तो कानात पोचायला वेळ लागायचा. पप्पांनी थोडंसं वाजवलं आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

“माझी बोटं मागं, त्याच्या मागं तुझं मशीन,” ते म्हणाले. “दोन लंगडे मिळून कुठं पोचनार?”

आई स्वयंपाकघरातून हसली. झटक्यानंतर ती तशी हसलेली मी बऱ्याच दिवसांनी ऐकली.

मग मी इंटरफेस मागवला. तळहाताएवढी डबी. एका बाजूने गिटारची केबल आत जाते, दुसऱ्या बाजूने लॅपटॉपची बाहेर येते. पुढचं एक बटण गिटारवर करून ठेवावं लागतं, नाहीतर आवाज मिळमिळीत येतो. दुसरं एक बटण दाबलं की आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता थेट कानात येतो. उशीर गेला. गुणगुण राहिली. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला तेव्हा ती निम्मी झाली. उरलेली गुणगुण पप्पांनी तारांवर हात ठेवला की थांबायची आणि हात उचलला की परत सुरू व्हायची.

“बघ,” ते खूश होऊन म्हणाले, “अजून लागतो मी तिला.”

खरी अडचण पुढेच होती. चाल मधे एका ठिकाणी वर चढते. तिथे करंगळी लांब न्यावी लागते, आणि ती जात नव्हती. मी म्हणाले, तुकड्यातुकड्यांत वाजवा. वर चढायचा भाग वेगळा घेऊ, दहा वेळा घेऊ, त्यातला चांगला मी मधे जोडते. कुणाला कळणारही नाही. सगळे असंच करतात.

“हळदीचं गानं अर्ध्यात तोडत नाय, बाय.”

हा त्यांच्या पार्टीचा नियम होता. म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने सगळ्यांना घालून दिलेला. एकदा सुरू केलं की संपवायचं. तार तुटली तर उरलेल्या तारांवर, ढोलकी फाटली तर पाटावर. नवरीच्या अंगाला हळद लागत असताना वाजायचं थांबणं चांगलं नाही. एकदा दिवाळे गावाच्या बाजूला एका हळदीत लाईट गेली. स्पीकर बंद, कीबोर्ड बंद. ढोलक्या चालूच राहिल्या. आणि पप्पा त्या अंधारात बंद पडलेली गिटार शेवटपर्यंत वाजवत राहिले. इलेक्ट्रिक गिटार विजेशिवाय शेजारी बसलेल्यालासुद्धा धड ऐकू येत नाही. पण त्यांनी चाल पूर्ण केली आणि मगच हात काढला.

हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की तुकड्यांचं मी परत काढलं नाही. त्यामुळे गेले कित्येक रविवार आम्ही तेच करत होतो. ते पहिल्यापासून सुरू करायचे. वर चढताना करंगळी चुकायची. तरी न थांबता शेवटपर्यंत जायचे, आणि म्हणायचे, “पुसून टाक. परत.”

त्या दुपारीही तसंच सुरू झालं. मी लाल बटण दाबलं. पप्पांनी डोळे मिटले.

स्क्रीनवर आवाजाची रेघ पुढे सरकत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला ‘ऐकतेयस ना?’ एवढंच आठवत होतं.

तो फोनवर बोलता बोलता मधेच असं विचारायचा. ऐकतेयस ना? मी म्हणायची, हं. तो कोपरखैरण्याचा. घरी माझ्यासारखंच बोलत असणार, पण माझ्याशी जरा सांभाळून, पुस्तकातलं मराठी बोलायचा. मी इंग्लिश मीडियमची म्हणून. मला इंग्लिशमध्ये सुचायचं आणि ते त्याला बोलले तर शिष्टपणा वाटेल अशी भीती वाटायची. घरची बोली कळते, पण माझ्या तोंडात नीट बसत नाही, आई हसते. आणि पुस्तकातलं मराठी बोलायला गेले की परीक्षा दिल्यासारखं वाटायचं. मी मोठे मोठे मेसेज लिहायची. लिहून वाचायची. मग सगळं पुसून ‘हो, चालेल’ एवढंच पाठवायची.

पण मी ऐकत होते. लहानपणी तो खाडीत पडला होता आणि चप्पल हरवली म्हणून रडला होता, बुडाला असता म्हणून नाही. घरात सगळ्यात आधी उठून तो आजोबांचा चहा करतो. निळ्या शर्टाचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं आहे. वाशीच्या खाडीवर भेटलो तेव्हा एकच मक्याचं कणीस घेतलं, आणि मोडून त्याने कोवळा अर्धा भाग माझ्याकडे केला. तो स्वतः ते बोलला नाही. मीही नाही. घरी येऊन मी फार वेळ अंगठी बोटात गोल फिरवत बसले होते.

आता म्हणे मी भिंत.

रेघ पुढे गेली. चाल वर चढायला लागली. पप्पांची करंगळी सरकली, तारेच्या अलीकडेच राहिली. सूर बसका निघाला. ते पुढे जातील म्हणून मी वाट पाहिली.

ते थांबले.

मी हेडफोन एका कानावरून काढला. माझ्या आठवणीत ते कधी मधे थांबले नव्हते.

“इथून पुडचं येगळं घेऊ,” ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. “तू बोललीस ना, जोडता येतं. जोड मग.”

“तुम्हीच म्हणता ना, तोडायचं नाही?”

“हळदीचं तोडायचं नाय.” त्यांनी उजव्या हाताने डाव्या हाताची करंगळी धरून ती थोडी चोळली. “हे आता नुसतं गानं हाय. असंच. तुझ्या मोबाईलमध्ये ठेवायला.”

मला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी माझ्या बोटातल्या अंगठीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“तुम्हाला माहितीय,” मी म्हणाले.

“परवा त्याच्या बापाचा फोन आलता. मलाच केला पयला, पुरुष मानूस म्हनून.” ते गिटारच्या कडेवरचा उडालेला रंग नखाने खरवडत होते. “तुला कसं सांगायचं, नि तुझ्या आयेला कसं सांगायचं. ती आदीच माझ्या गोल्या मोजत बसते.”

आई दारात आली होती. हातांना पीठ तसंच. तिने आधी पप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुमाला म्हाईत होतं? आन् मी मगासपासून जीभ चावून बसलीय!”

“तू कुठं सांगितलंस?”

“तुमाला टेन्शन नको म्हनून!”

“आन् मी तुला नको म्हनून,” पप्पा म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनाही मी तिथे बसलेली आहे हे आठवलं असावं. आई आत आली, पलंगाच्या कडेवर बसली. पीठ लागू नये म्हणून हात वर धरून. तिला माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा होता ते मला दिसत होतं.

“जाऊ दे ग,” ती म्हणाली. “बोलत नाय म्हने. त्याला बायको पायजे का रेडिओ? आपल्या घरात कोनी तुला कधी बोल लावला का, बोलत नाय म्हनून? बरं झालं आदीच कळलं. उद्या लग्नानंतर बोलला असता तर?”

“त्याचा बापपन तसाच,” पप्पा म्हणाले. “फोनवर अर्धा तास स्वतःच बोलत होता.”

“मानसं आपल्यातली नायच ती. आन् पोरगा तरी काय असा मोठा लागून गेला? सावळाच होता. नाय का?” आईने माझ्याकडे बघितलं. ती मला हसवायला बघत होती. “तुला तरी कुठं एवडा आवडला होता? आमी ठरवलं, तू हो बोललीस. कधी काय बोलली नायस त्याच्याबद्दल. बरंच हाय. जास्त लागायला नको.”

पप्पांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हलकं वाटल्यासारखं दिसलं. दोन दिवस त्यांना हीच भीती होती, मला किती लागेल, आणि आता आईने ते सोडवून टाकलं होतं. मी नेहमीसारखं ‘हं’ म्हटलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. आई चपात्या करायला गेली असती, पप्पांनी पुढचा तुकडा वाजवला असता, मी तो जोडला असता. नीट जोडला असता. कुणाला कळलं नसतं.

पप्पांनी तारांवरून हात उचलला होता. माझ्या एका कानात गुणगुण सुरू होती. मी लाल बटण बंद करायला विसरले होते. रेघ स्क्रीनवर पुढे जातच होती, जवळजवळ सपाट. त्या डबीला फक्त गिटार कळते. खोलीत कोण काय बोलतं ते तिच्यात येत नाही.

“चपात्या करपतील,” आई उठत म्हणाली.

“आई, थांब.”

ती थांबली. पप्पांनी वर बघितलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला, रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज वाटतो तसा.

“मला तो आवडला होता,” मी म्हणाले. “खूप आवडला होता. मी सगळं ऐकत होते त्याचं. मला फक्त बोलता आलं नाही.”

आईचे पिठाचे हात माझ्या केसांवर आले. मी डोळे पुसले, रेघ थांबवली, तो अर्धा तुकडा पुसून टाकला आणि हेडफोन परत दोन्ही कानांवर घेतले.

“पहिल्यापासून घ्या, पप्पा. करंगळी चुकली तरी चालेल. पण तोडू नका.”