आबांच्या कपाळावरचं खत

मंडळी, आत्ताच शिरूरहून घरी आलो. तिथं कंपोस्ट खतावर परिषद होती.

गेलं वर्षभर मी आमच्या देवळातलं निर्माल्य नदीत न सोडता खड्ड्यात शेण घालून कुजवतो. देवळाचं सगळं बघणारे आबा त्यावर नाराज. कालच त्यांनी बजावलं, "देवाची फुलं आन् शेणात? उद्यापास्नं परत भीमेत सोडायची." म्हणून आज त्यांनाच सोबत नेलं.

भाषणं चालू असताना आबा डुलक्या घेत होते. नंतर एका स्टॉलवर मी पिशवीतून नेलेलं आमचं निर्माल्याचं खत दाखवायला काढलं आणि चिमूटभर आबांच्याही तळहातावर ठेवलं. अर्धवट झोपेतल्या आबांनी अंगारा लावावा तसं ते सरळ कपाळाला लावलं.

आजूबाजूचे हसले. मी घाबरून म्हणालो, "आबा, खत हाय ते!"

आबांनी हात हुंगला. डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिले. "वास तर गाभाऱ्याचा येतोय. मग पुसू कशाला?"

परतताना जीपच्या खिडकीतून उसाचे तुरे सोनेरी दिसत होते. आबांच्या कपाळावर तो काळा टिळा तसाच होता. उतरताना एवढंच म्हणाले, "उद्या फुलांची टोपली तुझ्याकडंच धाडतो."

अजून मी अंगणातच बसलोय. तुमच्या गावात देवाची फुलं शेवटी कुठं जातात?