जपानला जाण्याआधीची शिकवणी

माझ्या लेकीला जपानचं वेड लागलं होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटमध्ये चांगला पलंग असताना ती जमिनीवर गादी टाकून झोपायची आणि भेंडीची भाजी चॉपस्टिक्सनी खायची. मी काही बोलले की इंग्रजीत उत्तर मिळायचं. पण जपानची सहल मी ठरवली ती तिच्यासाठी नव्हे, माझ्या आईसाठी.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्याच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म जपानी मशीनवर काढला, आणि एकदा या लोकांचा देश बघून येऊ, असं ते दर दिवाळीला म्हणायचे. ते गेल्यावर मी आईला दुबईला घेऊन आले. ती वेळेवर जेवायची, मालिका बघायची, बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायची. फक्त बाबांचा विषय निघाला की उठून आत जायची. वर्षभरात ती माझ्यासमोर एकदाही रडली नाही, की ‘हे असते तर’ एवढंही म्हणाली नाही. मला तिची भीती वाटायला लागली होती. ही अशीच आतल्या आत मिटून जाणार आणि आपण बघत राहणार, असं वाटायचं. बाबांच्या ओढीने का होईना, तिने जपानला ‘येते’ म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ती मात्र म्हणायची, “तुम्ही जा गं. मी काय करू तिकडे?”

ऑफिसातल्या वसईच्या मैत्रिणीने तोडगा सुचवला. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एक जपानी बाई राहतात, त्या जपानला फिरायला जाणाऱ्यांसाठी शनिवारी घरीच शिकवणी घेतात. चहाचा विधी, देवळात वागायची रीत, युकाता नावाचा सुती झगा कसा घालायचा, सगळं. “आंटीना घेऊन जा,” ती म्हणाली, “त्यांच्याच वयाची लेडी आहे. मन रमलं तर येतील पण, इन्शाल्ला.”

आई कुरकुरत का होईना, आली. बाई बारीक अंगाच्या, केस पांढरे, आखूड कापलेले, आणि वाकून नमस्कार इतका खोल की आई गडबडून त्यांच्या पायाच पडणार होती. लेक त्यांना सेन्सेई म्हणायला लागली, म्हणजे गुरुजी. हॉलच्या एका कोपऱ्यात चटया अंथरल्या होत्या, खिडकीतून खाली तळं दिसत होतं. घर इतकं नीटनेटकं की मला स्वतःच्या घराची लाज वाटली.

युकाता घालायला सेन्सेई मला आणि लेकीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. आईने साडी सोडायला साफ नकार दिला आणि ती हॉलमध्येच बसली. इथेच माझं चुकलं. माझी आई दुसऱ्याच्या घरी रिकामी बसू शकत नाही. आमच्याकडच्या बायकांना ती खोडच आहे. पाहुण्या म्हणून जातात आणि जाताना ओटा पुसून येतात.

आम्ही झगे घालून, पट्टे आवळून बाहेर आलो तेव्हा आई भिंतीलगतच्या बुटक्या कपाटासमोर मांडी घालून बसली होती. एका हाताने ती टिश्यूपेपरने कपाटावरची धूळ पुसत होती आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या जरीच्या कापडात गुंडाळलेली एक पेटी होती.

“अगं, बरं झालं आलात,” ती मला म्हणाली. “इथे वाटीभर भात आणि गार झालेला चहा तसाच पडला होता. खायचा राहिला असेल बाईंचा. भात टाकला, वाटी धुऊन ठेवली. आणि ही पेटी केवढी जड आहे बघ. लोणच्याची बरणी आहे की काय आत?”

सेन्सेईंच्या हातून राहिलेला तिसरा युकाता खाली पडला. त्या ओरडल्या नाहीत. आईसमोर गुडघ्यांवर बसल्या, कपाळ चटईला टेकवलं, मग दोन्ही हातांनी ती पेटी उचलली आणि जागेवर ठेवली. तेव्हा मला कपाटावरचा फोटो दिसला. गॉगल घातलेला, हसणारा एक म्हातारा, मागे समुद्र. हार नाही, उदबत्ती नाही. टॉवरमध्ये धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्या उदबत्ती लावत नव्हत्या, हे मला फार नंतर कळलं.

“माय हजबंड,” सेन्सेई म्हणाल्या.

“हां, हां, फोटो,” आई हसून म्हणाली. “बहुत अच्छा फोटो.”

सेन्सेईंनी नकारार्थी मान हलवली आणि बोट पेटीवर ठेवलं. “हजबंड. हिअर.”

मला कळलं. आईला कळायला आणखी एक क्षण लागला. मग तिचा चेहरा पांढराफटक झाला. अस्थी. घरात, हॉलमध्ये, चहाच्या कपांशेजारी, आणि आत्ता आत्तापर्यंत तिच्या मांडीवर. आमच्यात अस्थी घराचा उंबरा ओलांडत नाहीत. विसर्जनापर्यंत त्या बाहेर कुठेतरी टांगून ठेवतात, आणि आणायला गेलेला माणूसही अंघोळ केल्याशिवाय आत येत नाही. आई उठली, दोन्ही हात अंगापासून लांब धरले, आणि म्हणाली, “चल.”

चहा झालाच नाही. मी सॉरी सॉरी करत झगा कसाबसा काढला. लिफ्टमध्येही आई तसेच हात धरून उभी होती आणि शेजारचा फिलिपिनो तिच्याकडे घाबरून बघत होता. घरी आल्यावर ती साडीसकट शॉवरखाली उभी राहिली. बाहेर आली तेव्हा दात वाजत होते. “तुम्ही दोघी पण डोक्यावरून अंघोळ करा,” तिने फर्मान काढलं.

लेक म्हणाली, “धिस इज सो रूड, मॉम. ही वॉज हर हजबंड!”

मी तिच्यावर खेकसले. मी सायन्स शिकलेली बाई, सुतकं वगैरे कधी पाळली नाहीत. पण त्या दिवशी मीही डोक्यावरून पाणी घेतलं, आणि तरी अंगावरचा काटा जाईना. त्या बाई रोज त्या पेटीशेजारी जेवतात, झोपतात, हा विचारच मला सहन होईना.

रात्री जेवताना लेकीने त्यावर कडी केली. जपानमध्ये दहनानंतर घरचे लोक जमतात आणि चॉपस्टिक्सनी एकेक हाड उचलून बरणीत ठेवतात, हे तिने आम्हाला वरणभात कालवता कालवता सांगितलं. पायाकडून सुरुवात करतात, डोकं शेवटी, म्हणजे माणूस बरणीत उलटा राहत नाही. माझ्या नवऱ्याचा घास हातात राहिला. मी म्हटलं, “खलास. आता एक शब्द नाही.” आई ताटावरून उठली. आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

जपान संपलं, हे मला तेव्हाच कळलं. आहे ते बुकिंग रद्द करावं, असंही मनात येऊन गेलं.

पुढचे काही दिवस आई कमालीची गप्प होती. मालिका लावायची आणि बघायची नाही. मला वाटलं, विटाळ मनात बसलाय. मग एका सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात आंबेमोहोर भाताचा वास सुटला होता. आई नेसून तयार होती आणि स्टीलच्या डब्यात भात भरत होती, वर साजूक तुपाची धार.

“त्या बाईंकडे सोड मला,” ती म्हणाली.

“आई, तिकडे? परत?”

“मी त्या माणसाच्या तोंडचा घास काढून कचऱ्यात टाकला गं,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “हाडांचं सोड. बायकोने वाढलेला भात होता तो. मी टाकला, आणि वर वाटी विसळली.”

इतके दिवस तिला हे खात होतं, आणि मी समजत होते अस्थी. मी ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं. लेकीला शाळेची सुट्टी होती, आणि थोडंफार जपानी येत होतं, तिलाही दुभाषी म्हणून घेतलं.

सेन्सेईंनी दार उघडलं तेव्हा आईने डबा पुढे केला आणि फोटोकडे हात केला. त्यांनी काही विचारलं नाही. तीच छोटी वाटी आणली, तीत आईचा भात दाबून भरला आणि फोटोसमोर ठेवला. मग दोघी चटईवर शेजारी शेजारी बसल्या. त्या पेटीपासून आई हातभरही लांब सरकली नाही, हे मी बघत होते.

मग आईने नातीला विचारायला सांगितलं, तुम्ही स्वतः अस्थी उचलल्या का? लेकीने विचारलं. सेन्सेईंनी मान डोलावली. इथल्याच स्मशानात, मुलाबरोबर. त्यांनी बोटाने आपल्या पावलाला स्पर्श केला, मग गुडघ्याला, मग गळ्याला. भाषांतराची गरजच पडली नाही.

आई माझ्याकडे वळली. “आपल्याकडे कोणी उचलल्या?”

वर्षभरात तिने पहिल्यांदा हा विषय काढला होता. “दादाने,” मी म्हटलं.

“आणि सोडल्या?”

“हो, आई. आळंदीला.”

“सगळ्या?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मला गाडीतसुद्धा बसू दिलं नाही,” आई म्हणाली. “बायका जात नाहीत म्हणाले. ह्यांना दारातून बाहेर काढलं आणि त्यानंतर ह्यांचं काहीच मी पाहिलं नाही. राख नाही, हाड नाही. कोणी मला दाखवायलासुद्धा आणलं नाही.” ती रडत होती. अगदी उघड, नाक पदराला पुसत, लहान मुलीसारखी रडत होती, आणि मी, जिला वर्षभर हेच हवं होतं, जागची हललेही नाही.

सेन्सेईंना शब्द कळले नव्हते. त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि लेकीला हळू आवाजात काही सांगितलं. वसंतात त्या नवऱ्याला गावी नेणार होत्या, त्याच्या आईवडिलांच्या कबरीत ठेवायला. आम्ही जपानला जाणार होतो तेव्हाच.

आईने डोळे पुसले आणि नातीकडे बघितलं. “त्यांना विचार, मी आले तर चालेल का. कसं ठेवतात ते मला बघायचंय.” मग थांबून म्हणाली, “आणि हेही विचार, तिथे बायकांना येऊ देतात ना?”

लेकीने माझ्याकडे बघितलं. हे खरंच विचारायचं का, असा तिचा चेहरा होता. मी म्हटलं, विचार.