माझ्या विरुद्धचा वकील

दोन हजार चोवीस साल, आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. सकाळी गोठ्यात बैलांना कडबा टाकत होतो, तर अंगणात नामदेव उभा. माझ्या वावराच्या पलीकडे ज्याचं वावर आहे तो नामदेव. आमचा खटला झाल्यापासून तो माझ्या अंगणात आला नव्हता, मीही त्याच्या अंगणात गेलो नव्हतो. टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "किसनाजी, प्रभाकर वकील गेले. झटका आला म्हन्ते." ... मी कडबा खाली ठेवला. त्याला बस म्हणायला पाहिजे होतं, ते राहून गेलं. "कोन्या गाडीनं चाल्ला?" एवढंच विचारलं. "आता येईन त्या." "मीबी येतो." जामच्या चौरस्त्यावरून वर्ध्याची एकच बस पकडली आम्ही दोघांनी. सीट मात्र वेगवेगळ्या धरल्या.

वाचणाऱ्याला वाटेल प्रभाकर वकील माझे वकील असतील. नव्हते. ते नामदेवचे वकील. माझ्या विरुद्ध लढले आणि मला हरवलं. मी चौथी शिकलेला माणूस, पेपरासाठी कधी लिहिलं नाही, पण ह्या माणसाबद्दल बाकीच्यांनी जे लिहिलं ते वाचलं आणि वाटलं, हरणाऱ्यानंही लिहावं.

नामदेवच्या वावरात जायची पांदण, म्हणजे बंडीची वाट, माझ्या वावराच्या कडेनं जाते. ज्या साली तो आमच्या विरुद्धच्या पक्षाकडून सरपंच झाला आणि मी पडलो, त्या साली त्यानं गुलालाची मिरवणूक माझ्या दारावरून नेली. दारासमोर थांबवून डफडं वाजवलं. मी आजही म्हणतो, थांबवायला नको होतं. मी पांदणीच्या तोंडावर काटी टाकली. बाभळीच्या काटेरी फांदीला आमच्याकडं काटी म्हणतात. एकदा काटी पडली की वाट बंद. तो कोर्टात गेला. माझ्या वकिलानं मला पढवून ठेवलं होतं की तिथं वाट कधी नव्हतीच असं सांगा. मी तसं सांगणारच होतो. पण प्रभाकर वकील, तेव्हा अगदी तरणे, पुढं आले आणि साध्या आवाजात म्हणाले, "काकाजी, तुमचे वडील बंडी कुठून नेत होते?" ... आता बापाचं नाव निघाल्यावर काय बोलणार. म्हणालो, "पांदणीनं." झालं. खटला तिथंच संपला. त्यांनी पुढं एक प्रश्न विचारला नाही, माझ्याकडं बघून हसलेही नाहीत. माझाच वकील माझ्यावर खेकसला.

वाट मोकळी झाली, पण काटी मी हलवली नाही, नुसती ढिली करून ठेवली. ढोरं शिरतात म्हणून, असं सांगितलं. नामदेव रोज बंडीवरून उतरायचा, काटी बाजूला करायचा, पलीकडं गेला की परत ठेवायचा. त्याला पुन्हा कोर्टात जाता आलं असतं, गेला नाही.

थंडीत नामदेवकडं हुरडा होता. प्रभाकर वकील आले. गाडी रस्त्यावर लावून पायी आले आणि काटीपाशी थांबले. मी वावरात पराटीचा कापूस वेचत होतो. त्यांनी काटीला हात लावला नाही. तिथूनच म्हणाले, "काकाजी, येऊ का?" मी म्हणालो, "कोर्टानं देल्ला ना रस्ता. मले काऊन विचारता?" तर म्हणतात, "कोर्टानं नामदेवभाऊंना दिला. मी तर तुमच्याच वावरातून चाललो." मी तसाच उभा. तेही उभे. ऊन डोक्यावर चढत होतं, हुरडा तिकडं करपत असेल, पण गडी हलेना. शेवटी मीच गेलो आणि काटी उचलली. त्यानंतर दर हिवाळ्यात हेच. ते पुढं नागपूरच्या हायकोर्टात मोठे वकील झाले तरी हेच. परत जाताना माझ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचे, पिकापाण्याचं बोलायचे. नामदेवच्या हुरड्यातला मूठभर रुमालात बांधून आणायचे. नामदेवच्या हातचं मी खात नव्हतो, वकिलाच्या हातचं खात होतो. हे त्यांना कळत होतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी बातमी आली की हायकोर्टाचे जज करण्यासाठी प्रभाकर वकिलांचं नाव दिल्लीला गेलं. मला बरं वाटलं. मग जामच्या चौरस्त्यावर नामदेवच्या पक्षानं अभिनंदनाचं मोठं बॅनर लावलं, जसं काही त्यांनीच जज केलं. तसा आमचा पक्ष पेटला. हा तर त्यांचाच माणूस, ह्याला न्यायाच्या खुर्चीवर कसं बसवता, म्हणून निवेदनं, मोर्चे. तिकडून उत्तर, इकडून प्रत्युत्तर. वकिलांना कोणीच काही विचारत नव्हतं. दिल्लीत कागद अडकून राहिला.

एका सकाळी आमच्या पक्षाची जीप पांदणीच्या तोंडाशी आली. ड्रायव्हर उतरला, काटी उचलून माझ्या पराटीत फेकली आणि जीप सरळ आत. त्यात तालुक्याचा अध्यक्ष आणि मोबाइलवर बातम्या दाखवणारा एक पोरगेला पत्रकार.

"किसनाजी, तुमच्यावर अन्याय झाला तो सांगा आता," अध्यक्ष म्हणाला.

"कोनता?"

"पांदणीचा. त्यांच्या वकिलानं त्यांच्या सरपंचाले रस्ता देल्ला."

"रस्ता जजनं देल्ला. अन् वाट माह्या बापापासून होती."

"मंग तुम्ही लढले काऊन?"

"मले लढायचं होतं म्हून लढलो."

अध्यक्ष मला आतून ओळखतो. त्याच्या बापाबरोबर मी भिंती रंगवल्या. आवाज उतरवून म्हणाला, "काकाजी, पक्षाचं काम आहे. जनम गेला तुमचा ह्या झेंड्याखाली. दोन शब्द बोला, बस." त्यात काही खोटं नव्हतं. जन्म गेलाच होता. मी म्हणालो, "पहिले ते काटी जाग्यावर ठेवा." त्याला वाटलं म्हातारा चळला. पण मोबाइल चालू होता, म्हणून मी त्यातच बोललो. "हा वकील माह्या विरुद्ध लढला. मी हरलो. त्यानं माह्यासंगं बेइमानी नाई केली. तो कोन्या पक्षाचा हाय मले आजून समजलं नाई, अन् इतकी वर्षं मी त्याच्यासंगं धुऱ्यावर बसलो." बैठकीचे निरोप मला त्या दिवसापासून आले नाहीत.

गंमत पुढंच आहे. आमच्या लोकांनी ते दाबून टाकलं, पण ते कसं तरी नामदेवच्या पक्षाकडं गेलं आणि त्यांनी त्यावर आपलं चिन्ह चिकटवून गावोगाव फिरवलं, की बघा, विरोधकही आमच्या माणसाला मानतात. म्हणजे मी बोललो ते भल्यासाठी, आणि झालं भलतंच. मी वकिलांना फोन लावला. झालं ते सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, "काकाजी, तुमची साक्ष कोणाच्याच कामी येत नाही. तेव्हा तुमच्या वकिलाच्या आली नाही, आता माझ्या नाही." मग म्हणाले, "पण मला पुरली ती..." त्या हिवाळ्यात आले तेव्हा जजपणाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

कागद शेवटपर्यंत आला नाही. वर्ध्याला त्यांच्या घरासमोर दोन्ही पक्षांचे लोक होते. दोघांनी श्रद्धांजली वाहिली, दोघं म्हणाले आमचा माणूस गेला. मी आणि नामदेव मागं उभे होतो. येताना बसमध्ये एकच सीट रिकामी मिळाली, तिच्यावर दोघं बसलो. हुरड्याला अजून अवकाश होता, एवढंच दोघांच्याही मनात असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेलो. काटी जागेवर होती. उचलली, कुऱ्हाडीनं तोडली आणि घरी आणून आंघोळीच्या पाण्याखाली लावली. बाभूळ चांगली जळते. आंघोळ करून परत वावरात आलो तर नामदेवची बंडी येत होती. सवयीनं तो खाली उतरला, वाकला, आणि हाताला काही लागलं नाही. इकडं तिकडं बघितलं. मी कापसात उभा होतो.

"किसनाजी, काटी कोठी गेली?"

मी हातातल्या बोंडाचा कापूस काढला. तो कासरा धरून तसाच उभा राहिला. बैल हलले तरी त्यानं पुढं जाऊ दिले नाहीत.

"जाऊ का?" त्यानं विचारलं.

"जाय," मी म्हणालो.